एक टक्का गडबड

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी एका जिल्ह्याच्या गावात मुलांना चित्रकला शिकवतो. आमच्याकडे शेवटच्या वर्षाला मुलांना एक प्रकल्प करावा लागतो. संगणकाच्या मदतीनं एक कलाकृती करायची आणि ती करण्याआधी त्या वाटेनं गेलेल्या कलावंतांचा अभ्यास करायचा. मुलांचा सगळा जीव कलाकृतीत असतो. अभ्यासाचा भाग आदल्या रात्री उरकला जातो. त्या उरकल्या जाणाऱ्या भागाविषयीच मला आज बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीनं माझ्या टेबलावर एक जाडजूड फाइल आणून ठेवली. आत ६० रंगीत चित्रं होती, प्रत्येक पान प्लॅस्टिकच्या कव्हरात. मी एका चित्रावर बोट ठेवून विचारलं, "हे कोणाचं?"

"माहीत नाही सर, नेटवर मिळालं."

"यात काय केलंय त्यानं?"

ती जरा गोंधळली. "भारी दिसतं, सर. मी असंच काहीतरी करणार आहे."

मुलगी कष्टाळू होती. चूक असलीच तर आम्हा शिकवणाऱ्यांची होती. 'कलावंतांचा अभ्यास कर' एवढंच आम्ही सांगतो आणि तो करायचा कसा, हे सांगायचं विसरतो. मग मी तिला एक साधी शंभर पानी वही आणायला सांगितली. म्हटलं, ६० चित्रं नकोत, तीन माणसं निवड. प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी लिही. त्याच्या हातात साधन काय होतं? त्यानं स्वतःला नियम कोणता घालून घेतला? आणि त्याला छळणारा प्रश्न काय होता?

पंधरा दिवसांनी वही भरून आली.

पहिलं नाव होतं गेऑर्ग नेस. हा जर्मन गणिती. १९६५ च्या फेब्रुवारीत स्टुटगार्टला संगणकानं काढलेल्या चित्रांचं त्याचं प्रदर्शन भरलं. जगातल्या अशा अगदी पहिल्या प्रदर्शनांपैकी ते एक. त्याच्या एका गाजलेल्या चित्राचं नाव आहे 'शॉटर', म्हणजे खडी. आडवे १२ आणि उभे २२ असे चौकोन. वरच्या ओळीत ते शाळेच्या प्रार्थनेला उभ्या मुलांसारखे सरळ. मग एकेक ओळ खाली येताना थोडे कलतात, थोडे सरकतात आणि तळाशी तर रस्त्यावर खडी ओतावी तसे विखुरतात. हे यंत्राला सांगायचं कसं? नेसनं नियम लिहिला: जितकं खाली याल, तितकी मोकळीक जास्त. बाकीचं काम योगायोगावर सोडलं.

दुसरं नाव आपल्या मुंबईतलं. अकबर पदमसी. त्यांना आपण थोर चित्रकार म्हणून ओळखतो. पण १९६९ मध्ये नेहरू फेलोशिप मिळाल्यावर त्यांनी त्या पैशातून मुंबईत एक कार्यशाळा उभी केली. चित्रकारांनी आणि चित्रपटवाल्यांनी एकत्र येऊन प्रयोग करावेत, हा हेतू. तरुण नलिनी मलानी यांनीही तिथं काम केलं. त्याच काळात पदमसींनी 'सिझिजी' नावाचा छोटा, मूक, कृष्णधवल चित्रपट केला. अंक आणि रेघा यांचा एक नियम ठरवून त्यांनी जवळजवळ हजार रेखाटनं तयार केली आणि राम मोहन यांनी ती पडद्यावर हलती केली. हाताशी संगणक नव्हता, पण संगणकाला द्यावा तसा काटेकोर नियम होता. विद्यार्थिनीनं वहीत या ओळीखाली दोनदा रेघ मारली होती.

तिसरं नाव व्हेरा मोल्नार. १९२४ साली बुडापेस्टमध्ये जन्म, १९४७ पासून पॅरिसमध्ये वास्तव्य. १९५९ पासून या बाईंनी मनातल्या मनात एक यंत्र कल्पून काम सुरू केलं. पायऱ्यापायऱ्यांचा नियम लिहायचा आणि यंत्र असल्यासारखा तो आपल्याच हातानं पाळायचा. खरा संगणक त्यांना १९६८ मध्ये मिळाला. त्यासाठी चित्रकलेच्या या पदवीधर बाई संगणकाची भाषा शिकल्या. चौकोनांची नीटनेटकी मांडणी करायची आणि तिच्यात 'एक टक्का गडबड' सोडायची, हा त्यांचा आवडता खेळ. गडबड शून्य असेल तर चित्र निर्जीव, फार झाली तर नुसता पसारा. मग कितीला चित्र जिवंत होतं? हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला. २०२२ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २०२३ च्या डिसेंबरात त्या गेल्या. शंभरीला महिनाच कमी पडला.

याच मोल्नारबाईंची एक चित्रमालिका आहे, आईच्या पत्रांची. त्यांची आई बुडापेस्टहून दर आठवड्याला पत्र लिही. अक्षर मोठं देखणं. ओळीच्या सुरुवातीला करडं, सरळ आणि ओळ संपत येईल तसं अस्वस्थ. आईचं वय वाढत गेलं तशी त्यातली शिस्त गेली, अस्वस्थपणा तेवढा उरला. पुढं पत्रं यायची थांबली. तेव्हा लेकीनं संगणकावर त्या अक्षराचा नियम बांधला आणि आईची पत्रं आपणच आपल्याला लिहीत राहिली. त्या पत्रांत एकही शब्द नाही, नुसत्या रेघा आहेत.

हे मला वाचून दाखवताना आमची विद्यार्थिनी थांबली. म्हणाली, "सर, माझी आजी रोज रांगोळी काढते. हल्ली तिचा हात थरथरतो."

प्रकल्पाची कल्पना तिला त्या क्षणी सापडली.

आजींची रांगोळी ठिपक्यांची. तेरा ते सात, म्हणजे मधल्या ओळीत १३ ठिपके आणि वरखाली एकेक कमी करत ७ पर्यंत. एकूण १२७ ठिपके. जुन्या वर्तमानपत्राला उदबत्तीनं भोकं पाडून केलेला त्यांचा ठिपक्यांचा कागद नातीच्या जन्माआधीचा. खरं तर हाही एक नियमच. मद्रासमध्ये गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिकडच्या कोलमचा, म्हणजे दाक्षिणात्य रांगोळीचा, अभ्यास करून १९७४ मध्ये तिचं गणिती व्याकरण मांडलं होतं. दारातली बाई रोज सकाळी जे करते ते संगणकशास्त्राच्या पानावर शोभेल असं असतं, हे ५० वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय.

नात कामाला लागली. महिनाभर रोज सकाळी एकाच स्टुलावर उभं राहून तिनं रांगोळीचे फोटो काढले. रेघ कुठं किती हलते याची मोजदाद केली. कलावंतांसाठी २००१ पासून मोफत मिळणाऱ्या 'प्रोसेसिंग' या प्रणालीत तिनं ठिपके मांडले आणि त्यात थरथर सोडली. पडद्यावर रांगोळी आधी स्थिर, मग हळूहळू कापरी होत जाणारी. मी तर खूशच झालो. म्हटलं, पैकीच्या पैकी.

तिनं ती घरी आजींना दाखवली. आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, माझा हात कापतो, ते चार लोकांत मांडणार आहेस का तू?"

पोर रडवेली होऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, मी हे बंद करते."

श्रोतेहो, त्या दिवशी मला माझी चूक कळली. साधन विचारलं, नियम विचारला, प्रश्न विचारला. पण ज्या माणसाचं हे आहे त्याला विचारलंस का, हे मी तिला विचारलंच नव्हतं. मोल्नारबाईंनी आपल्या गेलेल्या आईची आठवण जपली होती. इथं आजी समोर बसल्या होत्या आणि आम्ही दोघं त्यांच्या हाताचं मोजमाप करत होतो. मी म्हटलं, "बंद कर. प्रकल्प दुसरा होईल, आजी दुसरी मिळायची नाही."

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी आजींनीच तिला हाक मारली. म्हणाल्या, "ते तुझं पुन्हा लाव बघू. त्यात एक चुकलंय."

नातीनं लावलं. आजींनी पडद्याजवळ बोट नेलं. "तुझे ठिपकेसुद्धा हलतायत. माझे ठिपके कधी हलत नाहीत. कागद आहे ना! आणि ही रेघ बघ, अर्ध्यातच संपली. माझी रेघ वाकडी जाईल, पण ठिपक्याला जाऊन टेकल्याशिवाय मी चिमूट सोडत नाही."

नातीनं महिनाभराचे फोटो पुन्हा काढून पाहिले. आजींचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. एकही रेघ ठिपका चुकली नव्हती. तिनं थरथर मोजली होती, पण ती थरथर सांभाळून आजी रोज काय साधतात, ते तिच्या नजरेतून सुटलं होतं. तिनं नियम बदलला: ठिपके जागचे हलणार नाहीत, मधल्या वाटेत रेघेला हवी तेवढी मोकळीक, शेवट मात्र ठिपक्यावरच. आता पडद्यावर जे उमटायला लागलं त्यात दुखणं दिसत नव्हतं, एका बाईचं हस्ताक्षर दिसत होतं. आजींनी परवानगी दिली. अट एकच घातली, माझा फोटो नको, नाव घाल.

हल्ली मला पालक विचारतात, "सर, आता संगणकाला एक वाक्य सांगितलं की चित्र तयार मिळतं. मग पोरांनी हा अभ्यास करायचाच कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी स्वतः एकदा अशा यंत्राकडे तेरा ते सातची रांगोळी मागितली. काही सेकंदांत सुरेख चित्र आलं. ठिपके मोजले तर एका ओळीत एवढे, दुसरीत भलतेच आणि रेघा मधेच कुठंतरी विरून गेलेल्या. उद्या ते यंत्र बरोबर मोजेलही. पण बरोबर म्हणजे काय, हे त्याला सांगणारं कोणीतरी लागेल. आणि ते सांगता येण्यासाठी कोणाच्या तरी अंगणात महिनाभर स्टुलावर उभं राहावं लागतं. शिवाय त्या यंत्राची चित्रं हजारो कलावंतांच्या कामावरच पोसलेली असतात. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नसतील, तर आपलीही फाइल त्या ६० पानांसारखी, भरलेली आणि बिननावाची.

म्हणून ज्यांच्या घरात असा प्रकल्प चालू असेल, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मुलाला महागडा संगणक घेऊन देण्याआधी एक वही द्या. तीन कलावंत निवडायला सांगा. साधन, नियम आणि प्रश्न, हे तीन रकाने. आणि चौथा रकाना मी आता न विसरता आखून घेतो: हे ज्याचं आहे, त्याला विचारलं का?

प्रदर्शनाच्या दिवशी आजी रिक्षानं आल्या. परीक्षक नातीला व्हेरा मोल्नारबद्दल विचारत होते, ती नीट उत्तरं देत होती. आजींचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या भिंतीवरच्या रांगोळीसमोर उभ्या राहून बोटानं ठिपके मोजत होत्या. १२७ भरल्यावर त्यांनी मान हलवली आणि मग खुर्चीत बसल्या.