तिशीनंतरची तपासणी

पवन, नाणे किंवा आंदर मावळातल्या बाईची सरकारी दवाखान्याशी ओळख होते ती बहुधा बाळंतपणात. गरोदरपणाची नोंद, बाळाच्या लसी, मग कुटुंबनियोजन. जिचं प्रेम बाईवर आहे आणि जी बिनलग्नाची राहिली, तिच्या वाटेत हा दवाखाना येतच नाही. नियमात मात्र लग्नाची अट नाही. केंद्र सरकारच्या 2016च्या आराखड्यानुसार 30 ते 65 वर्षांच्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दर पाच वर्षांनी तपासणी व्हायला हवी. गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायचं, इतकी ती साधी आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानं चार आठवडे शिकवलेल्या आरोग्यसेविकांकडून ती करून घेतली, तेव्हा या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तरीही 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या शंभरांतल्या दोघींचीसुद्धा ती झालेली नव्हती.

सगळ्याच बायका वंचित असताना बाईवर प्रेम करणाऱ्या मोजक्या जणींचा वेगळा विचार कशाला, असं कुणी म्हणेल. कारण त्यांच्या वाट्याला एक खोटा दिलासाही येतो. पुरुषाशी संबंध नाही, म्हणजे धोका नाही! हा कर्करोग ज्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो, तो त्वचेच्या स्पर्शातून बाईकडून बाईलाही लागतो. पुरुषाशी कधीच संबंध न आलेल्या बायकांतही तो अमेरिकेतल्या अभ्यासांत सापडला आहे. शिवाय बायकांवर प्रेम करणाऱ्या कितीतरी जणी आज नवऱ्याचा संसार करत आहेत. म्हणून तपासणीआधी विचारायचं ते इतकंच, की कधी शरीरसंबंध आला आहे का. कुणाशी, हे विचारायची गरज नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. घरोघरी येणारी आरोग्य कार्यकर्ती आशाताई गावातलीच, बोललेलं घरी पोचलं तर? संमतीच्या समलिंगी संबंधांचा 377 कलमाखालचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली पुसला, घरच्यांचा धाक पुसलेला नाही. पण मी कुणालाच काही कबूल करायला सांगत नाही. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाई पडद्याआड स्वतः घेऊ शकते, आणि जागतिक आरोग्य संघटनेला ते मान्य आहे. ती सोय मावळातल्या कान्हे, कार्ला, लोणावळ्यापर्यंत यायला हवी. आशाताईंच्या तिशीपुढच्या फॉर्मवर स्तनातली गाठ, पाळीखेरीज रक्तस्राव, अंगावरून घाण वासाचं पाणी जाणं, हे प्रश्न आजही छापलेले आहेत. मंगळसूत्र नसलेल्या बाईच्या दारातही ते विचारायला उद्यापासून काहीच अडचण नाही.