आपली यंदाची सहल
(धर्माबाद येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने माझ्याकडे सोपविलेले काम दिसावयास अगदी लहान आहे. यंदाच्या सहलीचा बेत आपणापुढे मांडावयाचा आणि आपली संमती मिळवावयाची, इतकेच. परंतु गेल्या दोन बैठकींत या विषयावर जे बोलणे झाले, आणि विशेषतः बैठक संपल्यावर दारात चपला घालताना जे झाले, ते ऐकून मला कळून चुकले की हा विषय बसगाडीच्या भाड्यापाशी संपत नाही. म्हणून थोडा अधिक वेळ घेणार आहे. भोजनास उशीर झाल्यास दोष माझा समजावा.

आपल्या तरुण मंडळींनी एक प्रस्ताव आणला होता. तो व्हिएतनाम देशाचा. त्या देशाच्या उत्तर भागात निन्ह बिन्ह नावाचा एक प्रांत आहे. त्याची छायाचित्रे त्यांनी आम्हांस दाखविली. भाताची खाचरे, त्यांतून संथ वाहणारी नदी, पाण्यातून सरळ वर उठलेले चुनखडीचे डोंगर, आणि त्या डोंगरांच्या पोटातून होडीने जाण्याची वाट. होडी वल्हविणाऱ्या बाया पाठ टेकून पायांनी वल्ही मारतात. डोंगराच्या कपारींत देवळे आहेत. त्यांतील त्रांग आन या प्रदेशास २०१४ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. चित्रे पाहून मलाही मोह झाला, हे मी लपवीत नाही. वय झाले म्हणून मोह सुटतोच असे नाही.

तरुणांचा प्रस्ताव हसण्यावारी नेणारांपैकी मी नाही. तो देश आपणांस परकाही नाही. त्याच देशाच्या मध्यभागी मी सोन येथे चंपा राज्याची शिवमंदिरे आहेत, आणि तेथील शिलालेख संस्कृत भाषेत आहेत. त्या मंदिरांची डागडुजी करण्यास आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याची माणसे गेली होती. २०२० साली त्या कामात एकसंध दगडाचे शिवलिंग मातीतून निघाले. तेव्हा ज्यांच्या घरी ऐपत आहे आणि अंगात बळ आहे, त्यांनी तेथे अवश्य जावे, आणि परत आल्यावर पुढील मेळाव्यात आम्हांस सर्व सांगावे. आम्ही कान देऊन ऐकू.

परंतु मंडळाची सहल म्हणजे मंडळाची. एका जोडप्यास तेथे जाऊन येण्यास जो खर्च पडतो, त्यात आपली भरलेली बस दोन दिवस हिंडून येते. मंडळाने एक सहल जाहीर करावी आणि तीत आठदहा घरांनीच जावे, बाकीच्यांनी ती छायाचित्रांत पाहावी, हे मला रुचत नाही.

येथे मला एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वीच्या सहलीच्या वेळी आपल्यातील एका भगिनीने, घरी पाहुणे यावयाचे आहेत म्हणून येणे होणार नाही, असा निरोप धाडला होता. पाहुणे आलेच नव्हते, हे मला पुढे कळले. ते त्याच वेळी माझ्या लक्षात यावयास हवे होते, कारण त्या वर्षी घरोघर जाऊन वर्गणी गोळा करण्याचे काम माझ्याकडे होते. त्यांच्या दारात मी उभा राहिलो, माणशी रकमेचा आकडा मोठ्या आवाजात सांगितला, आणि निरोप घेऊन पुढच्या घरी गेलो. त्या भगिनी आज हयात नाहीत. त्यांची सहल राहिली ती राहिलीच.

त्याच सहलीची दुसरी आठवण. तीन दिवसांत चार तीर्थक्षेत्रे उरकण्याचा आमचा संकल्प होता. रात्री प्रवास, पहाटे स्नान, रांग, दर्शन, पुन्हा गाडी. परत आल्यावर माझ्या आईला मी उत्साहाने विचारले, "काय काय पाहिलेस?" ती म्हणाली, "पुढच्या बाईचा अंबाडा." रांगेत तिला तेवढेच दिसले होते. ती हे हसत म्हणाली, आणि आम्हीही हसलो. पण मी ते विसरलो नाही.

म्हणून यंदाचा बेत असा आखला आहे की वृद्धांना बसावयास मिळावे, मुलांना पाहावयास मिळावे, आणि कोणाही घराला पाहुण्यांचे निमित्त सांगावे लागू नये. स्थळे आपल्याच नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील आहेत.

पहिला मुक्काम होट्टल. सकाळी धर्माबादहून निघून बिलोलीवरून जावयाचे. बिलोलीची जुनी दगडी मशीद वाटेवर आहे. तिचे दगडकाम पाहण्यास दहा मिनिटे थांबण्यास हरकत नसावी. तेथून देगलूर, आणि देगलूरहून थोड्याच अंतरावर होट्टल. या गावी सिद्धेश्वराचे मंदिर आहे, आणखीही देवळे आहेत, आणि ती कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील आहेत. कल्याणी म्हणजे बीदरजवळचे आजचे बसवकल्याण. पाहा कसा योग आहे: ज्या निन्ह बिन्हची चित्रे तरुणांनी आणली, तेथे होआ लू या गावी ९६८ साली एका राजाने आपली राजधानी मांडली, आणि ९७३ साली दुसऱ्या तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता मोडून चालुक्यांचे राज्य पुन्हा उभे केले. होआ लूची राजधानी १०१० साली आजच्या हनोईकडे हलली. आपल्या चालुक्यांचे राज्य मात्र बाराव्या शतकापर्यंत चालले, आणि त्या काळात गावोगावी जी देवळे उठली त्यांत होट्टलची आहेत.

सिद्धेश्वराच्या बाह्य भिंतीवर सुरसुंदरींच्या मूर्ती आहेत. कोणी नाचते आहे, कोणी शृंगार करीत आहे. आपल्यापैकी बहुतेकांची रीत अशी की देवळात गेले की थेट गाभारा गाठावयाचा, घंटा वाजवावयाची, नमस्कार करून बाहेर पडावयाचे. होट्टलला माझी विनंती आहे की प्रथम देवळास बाहेरून सावकाश प्रदक्षिणा घालावी आणि प्रदक्षिणा घालताना भिंतीकडे पाहावे. ज्याने ती भिंत घडविली त्याने ती पाहण्यासाठीच घडविली. पाहून झाल्यावर देवापुढे जावे. देव रागावणार नाही.

२०२५ साली याच गावी जतनाच्या कामासाठी मातीचे ढिगारे हलविताना आणखी तीन मंदिरांची जोती आणि एक शिलालेख उजेडात आला. म्हणजे आपल्या घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर जमीन अजून बोलते आहे, आणि आपल्यातील किती जणांनी होट्टल पाहिले आहे? मी हात वर करावयास सांगत नाही. माझा स्वतःचा हात पन्नाशी उलटेपर्यंत वर झाला नसता. देगलूरला लग्नकार्यासाठी मी कितीदा तरी गेलो, आणि जेवून परत आलो.

दुपारचे जेवण होट्टललाच, झाडाखाली. हॉटेलचा प्रश्न ठेवलेला नाही. प्रत्येक घराने आपली शिदोरी आणावी: दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, आणि धर्माबादची माणसे आहोत तेव्हा मिरचीचा ठेचा आणण्यास कोणाला सांगावयास नको. सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र करून पंगत बसवावयाची, म्हणजे कोणाच्या डब्यात काय होते हा हिशेब उरत नाही. पत्रावळी मात्र तेथे टाकून यावयाच्या नाहीत. त्या गोळा करण्याचे काम मी मागून घेतले आहे.

रात्रीचा मुक्काम उदगीर. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवराव भाऊंनी निजामाचा पराभव केला तो या उदगिरास. किल्ल्यातून हिंडताना मुलांना ती हकीकत सांगावी. आणि त्यानंतर वर्ष सरण्याच्या आत पानिपत झाले, तेही सांगावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी निलंगा. तेथे नीलकंठेश्वराचे तीन गाभाऱ्यांचे देऊळ आहे, आणि त्यातील हरगौरीची मूर्ती अशी आहे की तिच्यापुढून मला लवकर हलवले नव्हते. याहून अधिक वर्णन करीत नाही.

निलंग्याहून खरोसा. लेणी म्हटली की आपण वेरूळ-अजिंठ्याचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. पण औसा तालुक्यातील खरोशाच्या टेकडीतही बारा लेणी आहेत, आणि ती सहाव्या शतकाच्या सुमारास खोदावयास घेतली असे जाणते लोक मानतात. रावणाने कैलास हलविल्याचा प्रसंग आहे, नरसिंह आहे, शिवपार्वती आहेत, कार्तिकेय आहे. वेरूळचा दगड काळा, कठीण. येथला जांभा, सच्छिद्र, पावसाने झिजणारा. म्हणून खरोशाच्या मूर्तींचे चेहरे पुसट झाले आहेत. कित्येकांना हे पाहून निराशा होते. मला तेथे उलटच वाटले. तसल्या दगडातही कोणी छिन्नी लावली, याचेच नवल अधिक वाटले. व्हिएतनामच्या गुहा पाण्याने लक्षावधी वर्षांत कोरल्या. माणसाने त्यांत जाऊन देव बसविला. आपल्याकडे पाणी थोडे, कातळ फार; येथे गुहाच माणसाला खोदावी लागली.

खरोसा ज्या औसा तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे गणपती बुडवून माणसे घरी येऊन झोपली असता जो भूकंप झाला, त्यात हजारो माणसे गेली. आपल्या ज्ञातीतील काही घरांची सोयरीक त्या भागात होती. त्या बाजूने जाताना ज्यांना कोणाची आठवण येईल त्यांना ती काढू द्यावी. गाडीत त्या वेळी गाणी लावू नयेत, एवढीच सूचना.

तेथून लातूर, अहमदपूर, नांदेड असे रात्रीपर्यंत घरी.

एका सभासदांनी विचारले की वाटेत कंधार का नाही? प्रश्न बरोबर आहे. कंधार ही राष्ट्रकूटांच्या वैभवाची जागा. भोवती पाण्याचा खंदक असलेला किल्ला आहे, आणि एका प्रचंड क्षेत्रपाल मूर्तीचे अवशेष आहेत. मुखेडचे देऊळही राहिले. माहूर तर राहिलेच. तेथे रेणुकेच्या दर्शनाबरोबर पांडवलेणी पाहता येतात, हे रेणुकेला वर्षानुवर्षे जाणारांनाही माहीत नसते. पण हे सर्व दोन दिवसांत कोंबले की पुन्हा पुढच्या बाईचा अंबाडा पाहणे आले. कंधार आणि माहूर पुढच्या वर्षी.

बासरबद्दलही विचारणा झाली. बासर एका स्थानकावर. १९५६ पर्यंत मुधोळ तालुका आपल्याच नांदेड जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली आणि तो पलीकडे गेला. आपल्या मुलांची पाटीपूजा मात्र सरस्वतीपुढे आजही तेथेच होते, सीमा कोठून गेली याची मुलांना फिकीर नसते. तेथे जाण्यास मंडळाची बस कशाला? ज्याने त्याने सकाळच्या गाडीने जावे.

आता दिवस. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की आपल्या घरची लग्ने सुरू होतात. सोयाबीन त्याआधी घरात येते, तूर नंतर. आणि मिरचीची आवक वाढली की बाजारातील माणसाला आईच्या श्राद्धाला देखील वेळ काढणे कठीण. उरतो पौष. पौषात लग्ने नाहीत. हा महिना शुभकार्यास वर्ज्य मानतात, त्याचा आपण प्रवासासाठी उपयोग करून घ्यावा. थंडी असते, म्हणून वृद्धांसाठी शाल आणि कानटोपी घ्यावी.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि मी तो मुद्दाम शेवटी ठेवला, कारण मतभेद येथेच आहे. माझी सूचना अशी की यंदा माणशी रक्कम जाहीर करू नये. प्रत्येक घरी एक कोरे पाकीट जाईल. त्यावर नाव घालावयाचे नाही. ज्याला जे शक्य आहे ते त्याने आत ठेवावे, आणि मेळाव्याच्या पेटीत आणून टाकावे. कोणाच्या पाकिटात काय होते हे मलाही कळणार नाही, खजिनदारांनाही नाही. येणाऱ्या माणसांची यादी वेगळी राहील. तिच्यासमोर रकमेचा रकाना नसेल.

खजिनदारांचे म्हणणे असे की याने तूट येईल. येईल. त्यांचा अनुभव माझ्याहून मोठा आहे आणि हिशेबाची काळजी त्यांना आहे म्हणूनच हे मंडळ इतकी वर्षे चालले. मी त्यांना एवढेच विनविले आहे की स्मरणिकेच्या जाहिरातींतून छपाईचा खर्च जाऊन जे उरेल ते यंदा या तुटीकडे वळवावे, आणि तरीही कमी पडले तर ज्यांनी व्हिएतनामचा बेत आणला त्या तरुणांपैकी तिघांनी उरलेली रक्कम भरण्याचे आपण होऊन कबूल केले आहे. त्यांची नावे सांगावयाची नाहीत अशी त्यांची अट आहे, ती मी पाळतो.

गाडीच्या पुढच्या चार ओळी साठ वर्षांवरील स्त्रियांसाठी राखल्या आहेत. खरोशाच्या टेकडीवर ज्यांना चढवणार नाही त्यांच्यासाठी खाली सतरंजी आणि चहाची व्यवस्था असेल, आणि त्यांच्यापाशी कोणी बसावयाचे याची पाळी लावलेली आहे. पहिली पाळी माझी. पाकिटे भोजनाच्या वेळी पंगतीतून वाटली जातील.