वार्षिक म्हणजे वर्षभर नव्हे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'माझा प्रवास' असा विषय दिला. त्यांना बहुधा इंजिनिअरिंग, नोकरी, बढती असं काहीतरी अपेक्षित असावं. मी मात्र खराच प्रवास सांगणार आहे, थायलंडचा. कारण गेल्या वर्षभरात आपल्या ग्रुपवर मला सगळ्यात जास्त वेळा जो प्रश्न आला, तो कोडिंगबद्दल नव्हता. 'तुझ्या त्या हॉस्पिटलच्या बिलाचं शेवटी काय झालं गं?' हा होता.

तर 2024 च्या पावसाळ्यात कंपनीनं मला तीन महिने कुठूनही काम करायची मुभा दिली. थायलंडनं त्याच जुलैमध्ये अशा लोकांसाठी नवा व्हिसा सुरू केला होता. पाच वर्षांचा, एका खेपेला 180 दिवस राहता येतं, मात्र बँकेत पाच लाख बाट दाखवावे लागतात. मी चिआंग माईला गेले. लॅपटॉप, कुकर, गोडा मसाला, सगळं घेतलं. विमाही घेतला. वार्षिक घेतला, म्हणजे वर्षभर कटकट नको.

ऑक्टोबरमध्ये एका रात्री पोटात उजवीकडे दुखायला लागलं. आधी मी ओवा खाल्ला. पहाटे तीनला टॅक्सी करून हॉस्पिटल गाठलं. अपेंडिक्स. डॉक्टर म्हणाले, सकाळीच ऑपरेशन करू, अनामत रक्कम भरा. मी आत्मविश्वासानं विमा कंपनीच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीनं पासपोर्टवरच्या शिक्क्याची तारीख विचारली. जरा थांबली आणि म्हणाली, "मॅडम, आज तुमचा एक्कावन्नावा दिवस आहे. तुमच्या पॉलिसीत एका प्रवासाला पंचेचाळीस दिवसांची मर्यादा आहे."

वार्षिक पॉलिसीचा अर्थ असा असतो: वर्षात कितीही वेळा जा, पण प्रत्येक खेप 30, 45 किंवा 60 दिवसांत संपली पाहिजे. कामानिमित्त वरचेवर ये-जा करणाऱ्यांसाठी ती बनवलेली असते. हे कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मी रोज ज्युनिअर पोरांना 'स्पेसिफिकेशन नीट वाचा रे' म्हणून ओरडते. गणिताच्या बाई पहिल्याच रांगेत बसल्या आहेत, त्यांना आठवत असेल, मी गणित पूर्ण न वाचता सोडवायला घ्यायचे.

मग मला कंपनीच्या ग्रुप पॉलिसीची आठवण झाली. ती फक्त भारतातल्या उपचारांना लागू. कंपनी कामासाठी पाठवते तेव्हाचा प्रवास विमा वेगळा असतो, पण मला कंपनीनं पाठवलं नव्हतं, मी हौसेनं गेले होते. राहिलं क्रेडिट कार्ड. त्याची परदेशातली मर्यादा मीच सुरक्षिततेसाठी कमी करून ठेवलेली. ती वाढवायला ओटीपी हवा, आणि ते सिम पुण्यात माझ्या कपाटाच्या खणात. नवऱ्याला उठवलं. त्यानं सिम शोधून जुन्या फोनमध्ये घातलं, ओटीपी वाचून दाखवला, आणि मी स्ट्रेचरवर पडून आकडे टाइप केले. तो म्हणतो, लग्नाला एकोणीस वर्षं झाली पण इतकं लक्ष देऊन तू माझं पहिल्यांदाच ऐकलंस.

बिल 1,62,000 बाट झालं, तेव्हाच्या दरानं चार लाख रुपयांच्या आसपास. एक रुपया परत मिळाला नाही, आणि मिळायलाही नको होता. म्हणजे रागावायचं तर स्वतःवर. अमेरिकेत असते तर मात्र आकडा ऐकूनच दुसरं ऑपरेशन करावं लागलं असतं.

आल्यावर मी हट्टानं पॉलिसींचे कागद वाचून काढले. त्यातलं तुम्हाला उपयोगी पडेल तेवढं सांगते.

आपण ज्याला प्रवास विमा म्हणतो तो आरोग्य विमा नसतोच. तो अचानक उद्भवलेल्या गोष्टीसाठी असतो: अपघात झाला, अपेंडिक्स फुटायला आलं, तर तुम्हाला सावरून घरी पाठवेपर्यंत. नेहमीची तपासणी, बाळंतपण, जुन्या आजाराचे उपचार त्यात धरू नका. आपल्याकडे एका प्रवासाची पॉलिसी साधारण 180 दिवसांपर्यंत मिळते, मी तीच घ्यायला हवी होती. मुक्काम वाढला तर मुदत संपायच्या आधी वाढवून मागायची. एकदा संपली की परदेशात बसून इथली नवी पॉलिसी सहसा मिळत नाही, कारण प्रवास भारतातून सुरू व्हावा लागतो.

आता जी मुलं वर्षभर देश बदलत काम करतात, त्यांच्यासाठी परदेशी कंपन्यांच्या महिन्याच्या हप्त्याच्या पॉलिसी आहेत, त्या वाटेतही घेता येतात. पण जुने आजार बहुतेक वेळा वगळलेले, आणि मायदेशी आलात तर संरक्षण मोजक्याच दिवसांचं. एकाच देशात वर्ष-दोन वर्षं राहणार असाल तर तिथली व्यवस्था पाहा. जर्मनीत तर आरोग्य विमा कायद्यानंच सक्तीचा आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसाला कमीत कमी 30,000 युरोचं संरक्षण दाखवावं लागतं. पण तो व्हिसा मिळण्यापुरता आकडा आहे. तेवढा पुरेल असं कोणी म्हटलेलं नाही.

आणि इथली पॉलिसी बंद करू नका. 'आता बाहेरच राहणार, कशाला दोन्हीकडे हप्ते' असं आपल्यातल्याच एकानं केलं. परत आल्यावर नवी घेताना जुन्या आजारांची थांबण्याची मुदत पहिल्यापासून सुरू झाली. ती मुदत 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे, पण आपल्या वयात तीन वर्षं काय कमी आहेत? शिवाय सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज 'तुम्ही अमुक सांगितलं नव्हतं' म्हणून दावा नाकारता येत नाही. खंड पडला की तेही गेलं. हप्त्याचं म्हणाल तर वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला आहे.

स्कूटरबद्दल एकच सांगते, कारण तुमची मुलं बाली आणि गोवा यांत फरक करत नाहीत. तिथे वैध लायसन्स नसताना गाडी चालवून पडलं, तर विमा कंपनी हात वर करते. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो, एका वर्षासाठी मिळतो, आणि त्यावर दुचाकीचा प्रकार नोंदलेला हवा.

खरं तर मला सगळ्यात जास्त काळजी आपल्या आईवडिलांची वाटते. भावंडांकडे, नातवंडांकडे सहा-सहा महिने जातात. फॉर्मवर 'मधुमेह आहे का?' या प्रश्नाला 'नाही' लिहितात, कारण गोळीनं शुगर ताब्यात आहे! एजंटही सांगतो, काका, कशाला लिहिताय, हप्ता वाढेल. माझ्या वडिलांनी हेच केलं होतं. जाण्याच्या आठवडाभर आधी मला कळलं आणि आमचं मोठं भांडण झालं. ते म्हणाले, "मी काय आजारी माणूस आहे का?" विम्याची गोष्टच नव्हती ती. बाहत्तराव्या वर्षी स्वतःच्या हातानं 'होय' लिहायचं, ते त्यांना जड जात होतं. शेवटी फॉर्म मी भरला आणि त्यांनी वर्तमानपत्रात डोकं घालून सही केली. साठीनंतरच्या पॉलिसीत खोलीचं भाडं, आयसीयू, शस्त्रक्रिया यांना वेगवेगळ्या मर्यादा असतात, त्याही पाहा. पाच लाख डॉलरचा मोठा आकडा वर असतो, मर्यादा आतल्या पानांवर.

संयोजक घड्याळ दाखवताहेत आणि खालून बटाटेवड्यांचा वास येतोय. चहानंतर मी दहावी ब च्या वर्गात, खिडकीजवळच्या माझ्या जुन्या बाकावर बसणार आहे. ज्यांनी पॉलिसीचे कागद मोबाइलमध्ये आणले आहेत त्यांनी या, एकत्र वाचू. चष्मे घेऊन या.