मज्जासंस्था आणि नियमित व्यायाम

(दापोरा, जिल्हा बऱ्हाणपूर येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यायाम म्हटला की पिळदार दंड आणि भरदार छाती डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु तालमीत नव्याने उतरलेल्या मुलाकडे लक्षपूर्वक पाहावे. पहिल्या दिवशी दहा जोर काढताना ज्याचे हात थरथरतात, तोच महिन्याभराने वीस-पंचवीस जोर सहज काढतो. एवढ्या अवधीत त्याच्या दंडाचा घेर फारसा वाढलेला नसतो. मग ही शक्ती आली कोठून? ती बव्हंशी मज्जासंस्थेकडून आलेली असते. मेंदूची आज्ञा मज्जारज्जूतून स्नायूंपर्यंत अधिक नेमकेपणाने पोहोचू लागते, पूर्वी स्वस्थ राहणारे स्नायुतंतू एकाच वेळी कामास लागतात आणि परस्परविरोधी स्नायू एकमेकांस अडविण्याचे कमी करतात. व्यायामाचा पहिला धडा मज्जातंतू गिरवितात. स्नायूंची पाळी मागाहून येते.

आपल्याकडील जुन्या वस्तादांस शरीरशास्त्राची परिभाषा अवगत नव्हती, तथापि ही गोष्ट त्यांना अनुभवाने ठाऊक होती. मल्लखांबाचेच उदाहरण घ्यावे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत बाळंभटदादा देवधरांनी या विद्येस नवे रूप दिले, हे सर्वश्रुत आहे. (हाच बाजीराव १८१८ साली असीरगडाच्या परिसरात माल्कमच्या स्वाधीन झाला, तेव्हा या मुलुखाचा आणि त्या इतिहासाचा संबंध अगदीच दूरचा नाही.) मध्य प्रदेश शासनाने २०१३ साली मल्लखांबास राज्य क्रीडेचा दर्जा दिला. तेल लावलेल्या गुळगुळीत खांबावर उलटे होऊन पकड बदलणाऱ्या मुलाचा तोल अंतःकर्णातील संवेदना, सांध्यांकडून येणारे संदेश आणि लहान मेंदू यांच्या मेळावर अवलंबून असतो. केवळ ताकद असणारा गडी तेथे घसरून खाली येतो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते. परंतु विश्रांतीच्या अवस्थेतही शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ एक-पंचमांश तो एकटाच वापरतो. रक्ताभिसरण उत्तम राहिले तर त्याचा लाभ मेंदूस प्रथम मिळावा, यात नवल नाही. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० वृद्ध व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. एका गटाने आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी चाळीस मिनिटांपर्यंत चालण्याचा व्यायाम वर्षभर केला. दुसऱ्याने केवळ अंग ताणण्याचे हलके प्रकार केले. स्मृतीशी निगडित असलेला मेंदूचा हिप्पोकॅम्पस नामक भाग चालणाऱ्यांमध्ये सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला, तर दुसऱ्या गटात तो किंचित घटला होता. त्यासाठी यंत्रे लागली नाहीत की महागडी औषधेही लागली नाहीत. केवळ पायी चालणे पुरले.

यावर केळीच्या बागेत दिवसभर राबणारा माणूस विचारील की, घड खांद्यावर वाहून नेणाऱ्यास निराळा व्यायाम कशाला हवा? प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमाची शिफारस केली, तीत शेतातील कष्टही धरलेले आहेत. अशा माणसाला सकाळी धावण्याचा उपदेश करणे हास्यास्पद ठरेल. त्याच्या श्रमात उणीव आहे ती वेगळीच: एकाच खांद्यावर ओझे, तासन्तास एकाच बाजूस वाकणे. त्याने सायंकाळी पाच-सहा सावकाश सूर्यनमस्कार घातले तरी पाठीचा कणा दोन्ही दिशांना मोकळा होतो. खरी चिंता आहे ती शेतीची कामे यंत्रावर सोपवून गावातल्या गावातही मोटारसायकलवर फिरणाऱ्याची, दुकानदाराची आणि कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याची. यांनी शेतापर्यंत वा बाजारापर्यंत रोज अर्धा तास भरभर चालावे. निमाडचा उन्हाळा लक्षात घेता हे सूर्य वर येण्यापूर्वीच उरकावे.

मधुमेह असलेल्या बंधुभगिनींनी येथे विशेष लक्ष द्यावे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली तर पायांचे मज्जातंतू हळूहळू निकामी होतात. प्रथम मुंग्या येतात, नंतर जळजळ होते आणि अखेर काटा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि प्रसंगी पाय गमावण्याची पाळी येते. नियमित चालण्याने साखर आटोक्यात राहण्यास साहाय्य होते व मज्जातंतूंचे रक्षण होते. परंतु ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी अनवाणी चालू नये, बागेत तर मुळीच नाही, आणि रात्री निजण्यापूर्वी दोन्ही तळवे पाहावेत. स्वतःस वाकता येत नसेल तर सुनेने वा नातवाने पाहावेत. बधिरपणाचे कारण नेहमी मधुमेहच असेल असेही नाही. त्वचेवर फिकट, संवेदना नसलेला चट्टा असल्यास तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावर व्यायाम हा उपाय नव्हे. शासकीय आरोग्य केंद्रात त्याचे औषध विनामूल्य मिळते.

पासष्टी ओलांडलेल्यांनी आठवड्यातून तीन दिवस तरी तोल सांभाळण्याचा अभ्यास करावा. भिंतीला वा बाजेला हात टेकून एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभे राहावे, मग पाय बदलावा. म्हातारपणी पडल्यामुळे मोडलेले मांडीचे हाड अनेकांना कायमचे अंथरुणास खिळविते.

शाळेविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. मुलांना दिवसाकाठी साठ मिनिटे हालचाल हवी; आणि परीक्षा जवळ आली की पहिली गदा येते ती खेळाच्या तासावरच. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या शाळांतून सूर्यनमस्कार रूढ केले, ते अभ्यासाचा वेळ वाया जातो असे मानून नव्हे. उठाबशा शिक्षा म्हणून काढावयास लावण्याची प्रथाही सोडून द्यावी. ज्या क्रियेचा अपमानाशी संबंध जुळला, ती मूल मोठेपणी आपखुशीने करीत नाही.

अर्धांगवायूच्या बाबतीत मात्र अंगमालिशात वेळ दवडू नये. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळू लागले, तर रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. व्यायामाची वेळ त्यानंतर येते. डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर तीच मूठ उघडणे, तोच पेला उचलणे दिवसातून शेकडो वेळा करावयाचे असते. त्या आवर्तनातून मेंदूचे शाबूत राहिलेले भाग गमावलेले काम काही अंशी पुन्हा शिकतात. हे काम महिनोन् महिने चालते आणि रुग्णाइतकेच धैर्य शेजारी बसून मोजणाऱ्या घरच्या माणसासही लागते.