पाटी कुणी लिहिली?

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर भांडी घासताना कानात इअरफोन असतील. जिथे असाल तिथे स्वागत. आज कुणी पाहुणा नाही, मी एकटीच बोलणार आहे. विषय आहे एक संग्रहालय. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका! दहा मिनिटं द्या.

मी सध्या दक्षिण कॅलिफोर्नियात राहते. गेल्या उन्हाळ्यात आईबाबा डोंबिवलीहून तीन महिन्यांसाठी आले होते. ज्यांचे आईवडील असे येऊन गेलेत त्यांना माहीत आहे, पहिल्या पंधरा दिवसांत डिस्नेलँड, समुद्र, मॉल, मंदिर सगळं उरकतं. मग दर शुक्रवारी रात्री एकच प्रश्न, उद्या कुठे? एकदा मी म्हटलं, "बाबा, जवळच योर्बा लिंडा नावाचं गाव आहे. तिथे एका राष्ट्राध्यक्षांचं संग्रहालय आहे."

"कुठल्या?"

"रिचर्ड निक्सन."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "सातव्या आरमारवाला?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. डिसेंबर 1971, भारत-पाकिस्तान युद्ध. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. खिडक्यांना काळे कागद, भोंगा वाजला की दिवे बंद, आणि आजी अंधारात भाकऱ्या थापायची. त्याच दिवसांत निक्सन यांनी ‘एंटरप्राइझ’ ही अणुशक्तीवर चालणारी प्रचंड विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली होती. पोरांमध्ये चर्चा एकच, सातवं आरमार येतंय! बाबा म्हणाले, "चल, बघू तरी त्याचं घर."

आता थोडी माहिती, म्हणजे पुढचं नीट कळेल. अमेरिकेत याला प्रेसिडेन्शियल लायब्ररी म्हणतात. नाव लायब्ररी असलं तरी पुस्तक घरी न्यायला मिळत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या कारभाराचे कागद, फोटो, ध्वनिफिती तिथे जपतात, आणि सोबत लोकांसाठी संग्रहालय असतं. सुरुवात केली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी. त्यांचं संग्रहालय न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कला 1941 मध्ये उघडलं. 1955 मध्ये त्यासाठी कायदा झाला. व्यवस्था साधारण अशी: इमारत राष्ट्राध्यक्षाच्या चाहत्यांनी देणग्या गोळा करून बांधायची आणि मग ती चालवायची सरकारच्या नॅशनल आर्काइव्हजने. हूवर यांच्यापासून धाकट्या बुशपर्यंत अशी तेरा ठिकाणं आहेत.

यातली गोम लक्षात आली का? घर बांधलं मित्रांनी, आतलं सामान जनतेचं. मग भिंतीवरची पाटी कुणी लिहायची?

तर आम्ही गेलो. आवारातच निक्सन यांचा जन्म झाला ते छोटं पांढरं घर आहे. त्यांच्या वडिलांनी स्वतः बांधलेलं. 1913 साली त्यांचा जन्म झाला, तो याच घरात. जवळच त्यांची आणि त्यांच्या पत्नीची, पॅट यांची समाधी. आई त्या घरात बराच वेळ रेंगाळली. "किती लहान गं स्वयंपाकघर," म्हणाली. एवढ्याशा घरातून निघून माणूस व्हाइट हाउसपर्यंत गेला, हे बाबांनाही कौतुकाचं वाटलं. बाहेर ते हेलिकॉप्टर उभं होतं, ज्यात बसून 9 ऑगस्ट 1974 ला निक्सन व्हाइट हाउसमधून कायमचे निघाले. आत ओव्हल ऑफिसची हुबेहूब प्रतिकृती आहे. तिथे फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला. काकांचा लगेच रिप्लाय: "शपथविधी कधी?"

मग आला चीन. फेब्रुवारी 1972 मध्ये निक्सन चीनला गेले, ही त्यांची सर्वांत गाजलेली कामगिरी, आणि संग्रहालयात तिला मानाची जागा आहे. मी बाबांना म्हटलं, "या दौऱ्याचा रस्ता कुठून गेला माहीत आहे? जुलै 1971 मध्ये किसिंजर गुपचूप बीजिंगला गेले, ते पाकिस्तानातून. मधला दुवा होते याह्याखान. त्याच महिन्यांत याह्याखानांचं लष्कर पूर्व पाकिस्तानात माणसं मारत होतं आणि लाखो निर्वासित आपल्याकडे येत होते." बाबा बराच वेळ त्या फोटोंसमोर उभे होते. बोलले काहीच नाहीत.

त्यानंतर वॉटरगेटचं दालन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 17 जून 1972 ला वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत, विरोधी पक्षाच्या कार्यालयात घुसलेली पाच माणसं पकडली गेली. सहा दिवसांनी निक्सन आपल्या ऑफिसात बसून सहकाऱ्याशी बोलत होते, की सीआयएला सांगून एफबीआयचा तपास थांबवता येईल. आणि हे बोलणं रेकॉर्ड झालं. कुणी केलं? त्यांनीच! निक्सन यांनी 1971 मध्ये आपल्याच ऑफिसात मायक्रोफोन बसवून घेतले होते. जुलै 1973 पर्यंत सुमारे 3,700 तासांचं बोलणं साठलं. सर्वोच्च न्यायालयाने फिती द्यायला लावल्या. 5 ऑगस्ट 1974 ला ते संभाषण जगासमोर आलं आणि चार दिवसांत निक्सन यांना खुर्ची सोडावी लागली.

बाबा चष्मा सारखा करून प्रत्येक पाटी वाचत होते. मध्येच वळून हळूच म्हणाले, "अगं, हे सगळं त्याच्याच घरात लावलंय?"

"हो."

"आणि घरच्यांनी लावू दिलं?"

बाबांचा हा प्रश्न हाच आजचा भाग आहे. उत्तर असं, की सहजासहजी नाही लावू दिलं.

हे संग्रहालय 1990 मध्ये उघडलं तेव्हा सरकारचं नव्हतं, पूर्णपणे खासगी होतं. कारण पूर्वी राष्ट्राध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मालमत्ता समजली जायची. निक्सन आपल्या फिती नष्ट करतील या भीतीने 1974 मध्ये संसदेने खास कायदा करून त्या ताब्यात घेतल्या. पुढे 1978 मध्ये सगळ्यांसाठीच कायदा झाला, की राष्ट्राध्यक्षाचे सरकारी कागद जनतेचे. तो रेगन यांच्यापासून लागू झाला. त्यामुळे झालं काय, निक्सन यांच्या कारकिर्दीचे मूळ कागद आणि फिती राहिल्या राजधानीच्या बाजूला, आणि इमारत इकडे कॅलिफोर्नियात. नाव लायब्ररी, पण मुख्य ठेवाच नाही. आणि त्या इमारतीतल्या जुन्या वॉटरगेट दालनाचा सूर असा होता, की हा सगळा विरोधकांनी घडवलेला सत्तापालट होता.

2007 मध्ये संग्रहालय नॅशनल आर्काइव्हजकडे आलं. संचालक म्हणून इतिहासकार टिमोथी नाफ्ताली आले. त्यांनी जुनं दालन काढून टाकलं. नव्याचा आराखडा तयार झाला, तेव्हा निक्सन फाउंडेशनने लांबलचक लेखी आक्षेप घेतले. उघडण्याची तारीख पुढे गेली. शेवटी 31 मार्च 2011 ला नवं दालन लोकांसाठी उघडलं. एक पाटी बदलायला चार वर्षं! 2016 मध्ये फाउंडेशनने खर्च करून सगळं संग्रहालय नव्याने सजवलं, तेव्हाही हे दालन राहिलं.

आणि हे फक्त भिंतींपुरतं नाही. अशा ठिकाणी वर्षभर कार्यक्रम चालू असतात. लेखकांची भाषणं, पुस्तकावर सह्या, मुलांसाठी खेळ, राष्ट्राध्यक्षांच्या जन्मदिनी समाधीवर पुष्पचक्र. योर्बा लिंडाला तर व्हाइट हाउसमधल्या ईस्ट रूमची प्रतिकृती असलेला भलामोठा हॉल आहे. अशा हॉलमध्ये स्टेजवर कुणाला बोलवायचं, हीसुद्धा एक पाटीच असते ना! जॉन डीन हे निक्सन यांचे सरकारी वकील, ज्यांनी 1973 मध्ये संसदेच्या समितीसमोर त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली. नाफ्ताली यांनी त्यांना 2009 मध्ये भाषणाला बोलावलं, तेही 17 जूनला, वॉटरगेटच्याच तारखेला. निक्सन यांचे जुने साथीदार भयंकर भडकले. पण भाषण झालं.

आता घरी येऊ. रात्री जेवणं झाल्यावर मी बाबांना म्हटलं, "तुमचं 1971 पण त्या फितींमध्ये आहे. ऐकायचं?" निक्सन लायब्ररीच्या वेबसाइटवर या फिती फुकट ऐकता येतात. तुमच्या हातातल्या फोनवरसुद्धा. इंदिरा गांधी 4 नोव्हेंबर 1971 ला निक्सन यांना भेटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निक्सन आणि किसिंजर त्या भेटीबद्दल बोलले, ते मी लावलं. आवाज घोगरा, मधे खरखर, कपबशांचा आवाज. आणि त्यात इंदिराबाईंना आणि एकूण भारतीयांना दिलेल्या शिव्या. हे संभाषण 2005 मध्ये छापून प्रसिद्ध झालं, तेव्हा किसिंजर यांना जाहीर खेद व्यक्त करावा लागला होता. इतर फितींमधले काही झाकून ठेवलेले भाग गॅरी बास या प्राध्यापकांनी मागणी लावून धरल्यावर पुढे उघडले. तेही काही गोड नाहीत.

बाबांनी इअरफोन काढला. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "आम्ही अंधारात बसलो होतो तेव्हा हे असं बोलत होते होय!" आणि थोड्या वेळाने म्हणाले, "पण ठेवलंय त्यांनी. फेकून नाही दिलं."

मला ते वाक्य चिकटून बसलंय. कारण ठेवलं जाईलच, आणि ठेवलेलं दाखवलं जाईलच, असं काही नसतं. डॅलसला धाकट्या बुश यांच्या संग्रहालयात एक गमतीचं थिएटर आहे. तिथे प्रेक्षकांसमोर इराकसारखे प्रसंग ठेवतात, सल्लागारांची मतं ऐकवतात आणि मत द्यायला लावतात. तुम्ही काहीही निवडा, शेवटी पडद्यावर बुश येतात आणि आपण जे केलं ते का केलं हे सांगतात. मजा येते, पण शेवटचा शब्द कुणाचा, ते बघा.

आणि शिकागोचं ओबामा सेंटर. तिथे पद्धतच बदलली. कागद नॅशनल आर्काइव्हजकडेच राहणार, पण संग्रहालय चालवणार ओबामा फाउंडेशन. तुम्हाला ओबामा आवडोत की न आवडोत, प्रश्न तोच. योर्बा लिंडाला फाउंडेशनशी चार वर्षं भांडायला एक सरकारी इतिहासकार होता. जिथे तो नसेल, तिथे नावडती पाटी कोण लावणार?

म्हणून या भागातून एवढंच घेऊन जा. पुढच्या वेळी कुठल्याही संग्रहालयात, स्मारकात गेलात, अमेरिकेत असो की तुमच्या तालुक्याच्या गावी, तर सेल्फी जरूर काढा. पण निघताना स्वतःला तीन गोष्टी विचारा. पैसे कुणी दिले? पाटी कुणी लिहिली? आणि मूळ कागद कुठे आहेत, ते मला बघता येतात का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर पहिल्या दोघांची फार काळजी नको.

बाबा आता डोंबिवलीला परत गेलेत. परवा फोनवर म्हणाले, "ती लिंक परत पाठव गं. सोसायटीतल्या मंडळींना ऐकवायचीय."

पाठवली. तुमच्या घरातही कुणाला 1971 चे काळे कागद आठवत असतील, तर आज त्यांना विचारा. आणि जमलं तर ते सांगत असताना फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

भेटूया पुढच्या भागात. ऐकत राहा!