बारा फोटोंचा कॅमेरा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी मी आत सरबताच्या पातेल्याशी असते. यंदा सेक्रेटरीबाईंनी आग्रह धरला म्हणून आपल्यापुढे उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

हा पाहा माझा कॅमेरा, जर्मनीचा रोलायफ्लेक्स. ह्या जातीचा पहिला कॅमेरा १९२९ साली निघाला. ह्याला डोळे दोन. वरच्यातून आपण पाहायचे, खालच्यातून फोटो निघतो. पोटाशी धरून, मान खाली घालून काचेत बघायचे. त्यात उजवे डावीकडे दिसते. एका रिळात फोटो फक्त बारा. आपल्या देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला साडी नेसून, असाच कॅमेरा घेऊन दिल्लीतल्या मोठमोठ्या समारंभांत वावरत. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. तेव्हा हे पुरुषांचेच काम, असे कोणी समजू नये.

आमच्या मामंजींचा फोटो स्टुडिओ होता. साऱ्या गावाचे फोटो त्यांनी ह्याच कॅमेऱ्याने काढले. पण रीळ महाग, ते गिऱ्हाइकांसाठी. त्यामुळे लग्नानंतर सासूबाईंचा एकटीचा एकही फोटो घरात नव्हता! हात कापू लागले तेव्हा मामंजींनी मला कॅमेरा शिकवला. ते गेल्यावर एक गृहस्थ तो विकत मागायला आले. हेही म्हणाले, "मोबाईल असताना हे धूड कशाला?" मी हट्टाने ठेवून घेतला.

सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी माझे पहिले रीळ काढले. बारावा फोटो झाला की कागद पुरता गुंडाळेपर्यंत हँडल फिरवायचे असते. मी आनंदाच्या भरात मागचे झाकणच उघडले. उजेड लागला आणि एकही फोटो धड आला नाही. मोबाईलवर फोटो पुष्कळ निघाले होते, पण प्रत्येकात सासूबाई कोणाच्या तरी खांद्याआड. मी रडले, तर त्या म्हणाल्या, "अगं, त्यांनी तरी कुठे माझा काढला? जाऊ दे."

ते वाक्य मला फार लागले. दोन महिन्यांनी पुन्हा रीळ आणले. एके सकाळी त्या खिडकीशी वाती वळत बसल्या होत्या. मी मान खाली घालून काचेत बघत होते, त्यामुळे त्या बुजल्या नाहीत. बाराच फोटो, म्हणून घाई केली नाही. पुष्कळ वेळ नुसते त्यांच्याकडे पाहिले. इतकी वर्षे एका घरात राहून मी त्यांच्याकडे असे कधी पाहिले नव्हते. मग बटण दाबले. पुढच्या चैत्रात त्या गेल्या. आज मामंजींच्या शेजारी तोच फोटो लावला आहे.

कोणाच्या माळ्यावर असा कॅमेरा असेल, तर मोडीत घालू नका. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, म्हणून कातडी पिशवीत न ठेवता घट्ट डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवा. महिन्यातून एकदा रिकामाच चालवून पाहा, म्हणजे आतले यंत्र आखडत नाही.

आज मी नवे रीळ घालून आणले आहे. ज्या आजींचा एकटीचा फोटो नाही, त्यांनी चहानंतर खिडकीपाशी यावे. ह्या खेपेस झाकण मध्येच उघडणार नाही, एवढे वचन देते आणि माझे चार शब्द संपवते.