पेपर एक, यंत्रं अनेक



नोव्हेंबर २००७ मध्ये जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची यादी लागली आणि पुण्यात उभारलेला 'एका' तिच्यात चौथा आला. सेकंदाला जवळपास ११८ लाख कोटी आकडेमोडी! त्या बातमीचा मला आजही अभिमान आहे. म्हणूनच तो आकडा कसा मोजला, हेही आपल्याला ठाऊक असावं असं वाटतं.

या यादीसाठी यंत्रांना एकच पेपर सोडवायचा असतो, लिनपॅक नावाचा. शाळेत आपण दोन समीकरणांतून क्ष आणि य काढायचो. इथे समीकरणं लाखांच्या घरात. या गणिताची खुबी अशी, की मेमरीतून एकदा आणलेला आकडा पुन्हा पुन्हा कामी येतो आणि प्रोसेसर रिकामा बसत नाही. कणकेचे गोळे हाताशी तयार असले की पोळ्या भराभर होतात, तसं. हवामानाच्या गणितात मात्र जणू प्रत्येक गोळ्यासाठी कोठीच्या खोलीत जाऊन यावं लागतं. वेळ जातो तो फेऱ्यांत.

लिनपॅक घडवणाऱ्यांपैकी जॅक डोंगारा यांनीच पुढे सहकाऱ्यांसह एचपीसीजी ही दुसरी कसोटी मांडली. तिच्यात या फेऱ्याही मोजल्या जातात. २०२२ च्या नोव्हेंबरातले निकाल पाहा. लिनपॅकमध्ये अमेरिकेचा फ्रंटियर जपानच्या फुगाकूच्या अडीचपट वेगवान. एचपीसीजीत फुगाकू १६ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला १६ हजार लाख कोटी आकडेमोडी, आणि फ्रंटियर १४. फ्रंटियरचा हा वेग त्याच्याच लिनपॅकच्या वेगाच्या जेमतेम सव्वा टक्का!

पेपर आधी ठाऊक असला की घोकंपट्टीही होते. 'स्पेक' या संस्थेच्या १९८९ च्या चाचणी-संचात मॅट्रिक्स-३०० नावाचा प्रोग्रॅम होता. त्याचा जवळजवळ सगळा वेळ एकाच ओळीत जायचा. कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांनी नेमकी ती ओळ हेरली, गुण कित्येक पटींनी फुगले, आणि १९९२ च्या संचातून तो प्रोग्रॅम गळला. ही लबाडी होती असं मी म्हणणार नाही. कंपायलर खरोखरच सुधारला होता. पण तुमचं-माझं काम त्या ओळीत नव्हतं.

लॅपटॉप घेतानाही हे लक्षात ठेवा. दोन मिनिटांच्या चाचणीत पातळ यंत्र सुसाट पळतं, मग तापतं आणि वेग उतरवतं. दुकानात जाताना तुमची रोजची सगळ्यांत जड फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जा. ती उघडा, त्यावर अर्धा तास काम करा, आणि शेवटची पाच मिनिटं घड्याळ लावून पाहा.